न कुजवणारी माती

स्तामातीस वेळेवर मातीत मिळाला असता, तर त्याच्या मेव्हण्याला, झानीसला, अथेन्सजवळच्या पिरेअस शहरात दोन खोल्या मिळणार होत्या.

हिशेब सरळ होता. झानीसचा द्राक्षमळा डोंगराच्या वरच्या टप्प्यावर. त्याची बहीण मार्गारो, म्हणजे स्तामातीसची बायको, तिचा मळा खालच्या टप्प्यावर, कड्याला लागून. तो बापानं तिला लग्नात दिलेला. दोन्ही मळ्यांखाली तोच पांढरा हलका दगड, ज्यानं बायका टाचा घासतात आणि जो पाण्यात टाकला तर बुडत नाही. आमच्या थिरा बेटावर त्याला आस्पा म्हणतात. आम्ही त्यातच पेरतो, त्यातच घरं कोरतो आणि शेवटी त्यातच झोपतो. भूकंपानंतर सगळीकडे बांधकामं निघाली तेव्हा पिरेअसच्या वेर्गोतीस कंत्राटदाराला हा दगड सिमेंटमध्ये घालायला हवा झाला. पण त्याला दोन्ही टप्पे एकदम हवे होते. वरचा दगड खाली जहाजात सोडायची घसरण फक्त खालच्या टप्प्यातून निघत होती. खालचा नसेल तर वरचा म्हणजे नुसता ढिगारा.

बदल्यात दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि संडास घराच्या आत. ही शेवटची गोष्ट सांगताना झानीस आवाज खाली आणायचा, जणू बिशपच्या घरातली भानगड सांगतोय.

खोल्या त्याला स्वतःला नको होत्या. आमच्याकडे मुलीच्या नावावर घर असल्याखेरीज नवरामुलगा चर्चची पायरी चढत नाही. अनेझिना ही त्याची एकुलती एक. तिचं तेलाच्या बोटीवर इंजिन सांभाळणाऱ्या एका मुलाशी ठरलं होतं. मुलगा बरा होता. मुलाची आई पिरेअसची होती. तिचा निरोप स्पष्ट होता: मरियामातेच्या ऑगस्टातल्या सणापर्यंत घर दाखवा, नाहीतर अंगठी बोटीनं परत येईल.

मध्ये अडकला होता फक्त स्तामातीस. भूकंपाच्या वर्षी गावाची दफनभूमी कायमची खचली होती, म्हणून पाद्रीबाबांनी ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या रानात पुरायची परवानगी दिली. स्तामातीसला खालच्या टप्प्यावर, घरच्या चिमुकल्या देवळाशेजारी, कड्याच्या तोंडाशी पुरला. कबर असलेली जमीन वेर्गोतीस खोदणार नव्हता. त्याला देवाची भीती नव्हती, पण त्याच्या मजुरांना होती. मात्र तीन वर्षं झाली की आमच्यात कबर उघडतात, हाडं काढतात, वाईननं धुतात आणि पेटीत घालून चर्चच्या खोलीत ठेवतात. मग जमीन मोकळी. तीन वर्षं त्या जुलैत भरत होती.

मार्गारोची संमती हवी होती, तीही मिळाली होती. इतक्या सहज मिळाली की झानीसला चुकल्याचुकल्यासारखं झालं. बायकोशी बसून त्यानं मोठं भाषण तयार केलं होतं. त्यात मेलेली आई होती, वाढणारं वय होतं, म्हातारपणी एकट्या बाईचे हाल होते. बहिणीच्या ओसरीवर बसून त्यानं घसा साफ केला.

"मार्गारो, खालच्या टप्प्याचा विचार करायला हवा."

"कसला?"

"विकायचा म्हणतोय."

"वीक."

"म्हणजे... स्तामातीसला नीट बाहेर काढल्यावरच, बरं का. सगळं रीतसर."

"बरं."

"आणि तू आमच्याबरोबर यायचं पिरेअसला. स्वयंपाकघराच्या मागं जागा आहे. खाट मावते."

"मावू दे."

भाषण पोटातच राहिलं. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "ती नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं. निदान कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटलं असतं."

मार्गारो आधी अशी नव्हती. तोंडाची तिखट म्हणून गावात तिचं नाव होतं. स्तामातीस तिच्या बोलण्याखाली खुशाल झोप काढायचा. भूकंप झाला त्या पहाटे पहिला धक्का बसला तशी दोघं उठून बाहेर पळाली. तिनं अंगावर शाल ओढून घेतली होती. तो आतल्या सदऱ्यावर, अनवाणी. आळीतली सगळी माणसं रस्त्यात जमली, कुणी रडतंय, कुणी देवाचं नाव घेतंय. सगळं शांत झालं. थोडा वेळ तसाच गेला. मग मार्गारो नवऱ्याला म्हणाली, "असा काय भिकाऱ्यासारखा उभा आहेस चारचौघांत? जा, बूट घालून ये." तो गेला. दुसरा धक्का पहिल्याएवढा मोठाही नव्हता, पण कोरलेल्या घराचं छत आधीच सैल झालं होतं.

त्याला बाहेर काढला तेव्हा एक बूट पायात होता, दुसरा हातात. पुरण्याआधी कपडे घालताना दुसरा तिनंच घातला आणि दोन्हींच्या नाड्या घट्ट बांधल्या.

त्यानंतर ती रडली नाही. दात काढल्यावर गाल जसा आपला असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं. भूक लागली की खायची, काळोख झाला की झोपायची. द्राक्षवेली छाटायची, नवी काडी जुन्या काडीत गुंतवून वेलीची चुंबळ वळायची. आमच्याकडे वेल उभी ठेवत नाहीत, वारा मोडून टाकतो. तिला जमिनीलगत चुंबळीसारखी गोल वळतात, म्हणजे द्राक्षं आत, घरट्यात बसल्यासारखी राहतात. मार्गारोची चुंबळ गावात सगळ्यांत सुबक असायची आणि ती तशीच राहिली. हातांना कुणी बातमी सांगितली नव्हती.

बायकांनी मात्र लक्षात ठेवलं. मारुलिया मावशी ही गावातली रडणं-पुरणं यांची मुख्य अधिकारी. कुणाच्या दारात कोण किती रडलं ते तिला तोंडपाठ. ती म्हणायची, "घोडं मेलं तरी माणूस हळहळतं. हिनं नवऱ्याला मोज्यासारखा ठेवून दिला."

अनेझिना तेवढी येत राहिली. जुलैत ती आत्याच्या बांधावरच्या केपराच्या झुडपांच्या कळ्या लोणच्यासाठी वेचायला यायची. केपराचे काटे बारीक आणि दुष्ट, पण पोरगी वेचता वेचता बडबडायची, त्यामुळे काट्यांनाही दम खावा लागे.

"आत्या, तू खरंच येणार ना आमच्याबरोबर?"

"तुझा बाप म्हणतो तर येईन."

"बाबा तर म्हणतात मी लग्नानंतर गप्प बसेन. ते काय खरं असतं का? मी तुला रोज आगगाडी दाखवीन. खिडकीतून दिसते म्हणे. सासूबाई म्हणाल्या, आवाजाची सवय होते."

"सासूच्या की गाडीच्या?"

अनेझिना खळखळून हसली आणि मग चपापून आत्याकडे बघू लागली. आत्या गंमत करते की काय हे तिला कळेना. मार्गारोलाही कळलं नाही. ते वाक्य जुन्या सवयीनं आपोआप बाहेर पडलं होतं. तिनं पुढची कळी खुडली.

वेचून झाल्यावर अनेझिनानं टाचेनं माती उकरली. आतून लाखेच्या डाळीचं काड निघालं, गेल्या वर्षीचं, पिवळंधमक, कालच मळणी केल्यासारखं. सोबत शेणाचे गोळे, सुकून लाकूड झालेले.

"शी! अजून तस्संच? वर आमच्याकडे तर शेण टाकलं की महिन्यात दिसत नाही."

"तिथं काळी माती आहे. बांधाआड धुकं बसतं, ओल राहते. इथं नुसता आस्पा आणि वारा. पाणी थांबतच नाही. किडासुद्धा राहत नाही इथं."

"मग वेली कशा जगतात?"

"रात्री समुद्रावरून धुकं येतं, ते दगड पितो. वेलीचं मूळ त्याच्या तोंडातलं काढून घेतं." मार्गारो उठली. "वेलीला तेवढं पुरतं. कुजायला जास्त लागतं."

हे काही तिचं एकटीचं ज्ञान नव्हतं. गावात कुणालाही विचारा. वेलीला पाणी घालायचं नाही, नाहीतर मूळ आळशी होऊन वर येतं. वेलीच्या मुळांना लागणाऱ्या ज्या उवेनं अख्ख्या युरोपातले मळे खाल्ले ती आमच्याकडे तगली नाही, कारण तिला चिकणमाती लागते आणि आमच्याकडे ती औषधालाही नाही. काळ्या मातीशिवाय टाकलेलं शेण हे शेणच राहतं. शेंबडं पोरही हे सांगेल.

कबर उघडायची ती सकाळी. सगळं गाव आलं, कारण जुलैत दुसरं काही काम नसतं. पाद्रीबाबा आले, त्यांच्या मागून धूप. मारुलिया मावशी हाडं धुवायची परात घेऊन आली. अनेझिनाच्या हातात वाईनचा घडा. बदाम आणि डाळिंबाचे दाणे घातलेला उकडलेला गहू मार्गारोनं पहाटेच करून ठेवला होता. चांगला झाला होता. तिनं मीठ-साखर चाखून बघितली होती.

खोदायला झानीस स्वतः उतरला. दुसऱ्यानं खोदलं तर वेळ लागेल ही त्याला धास्ती. आस्पा धान्यासारखा फावड्यावरून ओघळत होता. फावडं लाकडाला लागलं तेव्हा तो म्हणाला, "अरे, फळ्या चांगल्या आहेत अजून," आणि मग आपण काय बोललो ते कळून गप्प झाला. चांगल्या फळ्या हे चांगलं लक्षण नव्हतं.

झाकण उचललं.

स्तामातीस होता. सगळाच होता. धाब्यावर विसरलेल्या अंजिरासारखा तपकिरी, आक्रसलेला, पण जागच्या जागी. मिशा होत्या. लग्नातला कोट होता. बूट होते, आणि नाड्या बांधलेल्या होत्या.

मारुलिया मावशीच्या हातातली परात दणकन खाली पडली. "विरघळला नाही! देवा, विरघळला नाही!"

आजूबाजूच्या बेटांवरची माणसं आम्हांला चिडवतात, की थिऱ्याला जाताना भूत बरोबर नेऊ नका, तिथं त्याचं पीक येतं. ज्याचं मढं मातीत मिळत नाही, त्याचं पाप फिटलेलं नसतं किंवा त्याच्यावर कुणाचा तरी शाप असतो, आणि असं मढं रात्री उठून दारं ठोठावतं, ही समजूत आमच्याइतकी जोपासलेली कुठंच नाही. आणि जोपासली कुणी? शेण का कुजत नाही हे जाणणाऱ्या याच माणसांनी. पण कबरीपाशी येताना शेतकरी घरीच राहतो आणि नुसता माणूस तेवढा येतो.

पाद्रीबाबांनी हात वर केला. पाद्रीबाबांना भूत मान्य नव्हतं, मात्र भुताच्या धाकानं लागणारी मेणबत्ती मान्य होती. "शांत व्हा. मी क्षमेची प्रार्थना वाचतो. कुणाचं काही त्याच्याकडे राहिलं असेल, मनात काही असेल, तर आत्ता मोठ्यानं सोडून द्या."

गर्दी जरा हलली. कॉफीवाला पुढं झाला. "तीन-चार कप राहिले होते. सोडले. देव त्याला क्षमा करो."

"माझी चाळण नेली होती," मारुलिया मावशी म्हणाली. "परत दिली, पण भोक पाडून. सोडली."

"चाळणीला भोकंच असतात, मावशी," मागून कुणीतरी म्हणालं.

"हे मोठं होतं!"

"माझ्या लग्नात तो माझ्याहून चांगला नाचला," लोहार म्हणाला. "बायको अजून काढते. जा बाबा, सोडलं."

झानीसनं आपल्या एका कोंबडीबद्दल क्षमा केली. ती कुणी नेली हे झानीसला इतकी वर्षं माहीत होतं, पण त्याला माहीत आहे हे स्तामातीसला शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

मग सगळे मार्गारोकडे वळले.

ती बुटांकडे बघत होती. चामडं जरासं आवळलं होतं, एवढंच. डाव्या नाडीची गाठ तिनं तेव्हा दोनदा मारली होती, ती दिसत होती. आपल्याला आता काहीतरी होईल असं तिला वाटलं. ती थांबून राहिली. कड्यावरून वारा आला, कोटाची बाही किंचित हलली, बायका किंचाळल्या. तिला काही झालं नाही.

"मार्गारो, लेकरा," पाद्रीबाबा म्हणाले, "तू?"

"माझं काही येणं नाही त्याच्याकडे."

"नीट आठव. नवरा होता. काहीतरी असेलच." बायकांत हशा पिकला, लगेच दबला.

"नाही. असलंच तर माझंच देणं आहे."

एवढं पुरे झालं. मारुलिया मावशी सगळ्यांकडे वळली. "ऐकलंत? तीन वर्षांत टिपूस नाही डोळ्यांत! बाईनं शाप ओठांवर न आणता गिळला की नवरा असाच सुकतो. माझ्या आजीच्या वेळी असं झालं होतं, तेव्हा त्याला नेऊन काळ्या बेटावर टाकला. खारं पाणी ओलांडलं की परत येत नाहीत."

काळं बेट आमच्या आखाताच्या मधोमध आहे. जळक्या दगडांचं. तिथं गवताची काडी नाही, देऊळ नाही, माणूस नाही.

"हे धर्मात बसत नाही," पाद्रीबाबा म्हणाले.

"धर्मात नाही बसत, होडीत बसतं," मावशी म्हणाली.

माना डोलू लागल्या. पाद्रीबाबा गर्दीकडे बघू लागले, आणि गर्दीकडे बघणारा पाद्री म्हणजे अर्धा होकार. झानीस अजून खड्ड्यातच उभा होता, कमरेपर्यंत पांढरा. त्याच्या चेहऱ्यावर मार्गारोला सगळं वाचता आलं, लहानपणापासून येत होतं. आधी भीती. मग विचार. मग विचाराचा आकडा. स्तामातीस सभ्य माणूस ठरला, तर त्याला पुन्हा पुरावं लागणार, पुन्हा तीन वर्षं. स्तामातीस भूत ठरला, तर तो आजच्या आज समुद्रापलीकडे जाणार, आणि जमीन संध्याकाळी मोकळी.

"माझी ओळख आहे एका होडीवाल्याशी," झानीस हळूच म्हणाला. "माणूस गुपचूप काम करणारा आहे. मेव्हणा माझा, मला काय कमी दुःख आहे? पण गावाचं भलं बघायला हवं."

घडा धरून अनेझिना कबरीच्या काठावर उभी होती. तिनं बापाकडे बघितलं आणि मान खाली घातली. मुलीला लाज वाटत होती. आणि त्या लाजेच्या तळाशी, मार्गारोला दिसलं, सुटकाही वाटत होती. ऑगस्टचा सण जवळ होता.

हे सगळं मार्गारोला स्वच्छ दिसत होतं. बोलायची गरज नव्हती. गप्प राहणं तर तिला आता कुणापेक्षाही चांगलं जमत होतं. ती गप्प राहिली तर पोरीला घर, दादाला जावई, आणि तिला स्वतःला खाटेपुरती जागा. स्तामातीसला काळा दगड. स्तामातीस तक्रार करणाऱ्यांतला नव्हताच.

तिनं पुन्हा बुटांकडे पाहिलं. या बुटांसाठी तिनं त्याला एकदा एका जागेवरून दुसऱ्या जागी पाठवलं होतं. आता पुन्हा पाठवायचा?

"दादा," ती म्हणाली, "तुझ्या वरच्या कोपऱ्यात ते मांजर पुरलं होतंस, ते किती दिवसांत संपलं?"

झानीसला आपल्या कोपऱ्याबद्दल कुणी विचारलं की उत्तर आवरत नसे. बांधाआडचा तो तुकडा, दोन पिढ्यांच्या गोठ्यातलं खत खाल्लेला, म्हणजे त्याचा अभिमान. कॉफीवाल्याकडे तो त्यावर अख्खी संध्याकाळ काढायचा.

"पंधरवड्यात!" तो म्हणाला. "पंधरवड्यात नुसती हाडं, पांढरीशुभ्र. तिथं काय वाटेल ते टाका, माती खाऊन—"

आणि थांबला.

"मग याला तिथं ठेवा," मार्गारो म्हणाली. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "इथं शेण कुजत नाही. काड कुजत नाही. तुम्ही सगळे इथं राबलाय, तुम्हांला माहीत आहे. माझ्या बांधाला खत घालून कधी कुणाचं भलं झालंय? त्याचं काही पाप नाही. त्याला कोरड्यात ठेवलं मी."

गर्दीत हळूहळू शेतकरी परत येऊ लागले. लोहारानं वाकून मूठभर आस्पा उचलला, बोटांत चोळला, सोडून दिला. "खरंय," तो म्हणाला. "इथं मी एकदा खुंटा विसरलो होतो. दहा वर्षांनी तसाच निघाला."

पाद्रीबाबांना अशीच वाट हवी होती. "उत्तम. काळ्या बेटाचं नाव नको. मेव्हण्याच्या रानात, चांगल्या मातीत, तीन वर्षं. झानीस, तुझी काही हरकत?"

सगळं गाव झानीसकडे बघत होतं. मेलेल्या मेव्हण्याला चार हात जमीन नाकारली असती, तर त्याच्या पणतवंडांनाही कॉफीवाल्याकडे ते ऐकावं लागलं असतं. कंत्राटदाराचं नाव कबरीत उभं राहून काढता येत नव्हतं.

"मार्गारो," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुला कळतंय का तू काय बोललीस?"

"कळतंय."

"पोरीचं तरी..."

"कळतंय, दादा."

त्याच दुपारी स्तामातीसला वर नेला. झानीसनंच खोदलं. काळी माती जड होती, तिला वास होता, तिच्यात गांडुळं होती. अनेझिनानं घड्यातली वाईन मातीवर ओतली, कारण ती आणलेली होती आणि तिचं दुसरं काही करता येत नव्हतं. मग तिनं उकडलेला गहू वाटला. शेवटची मूठ आत्याच्या हातावर ठेवली.

"आत्या, तू आधी सांगितलं असतंस तरी चाललं असतं," ती म्हणाली. "बाबांना आधीच सांगितलं असतंस, तर मी वाट तरी बघितली नसती."

तिनं गहू खाल्ला. गोड होता.

आता कबर वरच्या टप्प्यावर होती, आणि वेर्गोतीस तीन वर्षं थांबणाऱ्यांतला नव्हता. त्यानं दक्षिणेकडचा कडा घेतला, तिथं कुणी पुरलेलं नव्हतं. सणाच्या आदल्या बोटीनं अंगठी परत आली, नीट गुंडाळून, सोबत मुलाच्या आईनं अर्धा किलो साखरबदाम पाठवले होते, आपण माणुसकी सोडली नाही हे दिसावं म्हणून. मुलानं चार ओळीही लिहिल्या नाहीत. हिवाळ्यात त्याचं लग्न झालं. त्या मुलीकडे एकच खोली होती, पण संडास आत होता.

झानीस बहिणीशी द्राक्षतोडणीपर्यंत बोलला नाही. मग बोलावं लागलं, कारण दोघांच्या मळ्यात गाढव एकच. अनेझिना आधीसारखी यायची, केपर वेचायची, पण तिची बडबड थांबली होती. तिच्या बापाला ते लग्नानंतर होईल असं वाटलं होतं, ते लग्नाशिवायच झालं. पुढच्या वसंतात ती अथेन्सला एका डॉक्टरच्या घरी धुणीभांडी करायला गेली. तिला बोटीवर सोडायला मार्गारो बंदरापर्यंत पायी उतरली. पोरीनं वाकून आत्याच्या गालाचा मुका घेतला. मार्गारोला तो दाब कळला, ओल कळली, केसांना साबणाचा वास होता तो कळला. पुढचं काही आलं नाही. ती बोट दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली आणि मग चढ चढून घरी आली.

वरच्या कोपऱ्यानं मुदतीत काम केलं. तीन वर्षांनी स्तामातीस हाडं होऊन निघाला, मेणासारखी पिवळी, हलकी, स्वच्छ. मारुलिया मावशीनं ती वाईननं धुतली आणि म्हणाली, "बघा, मी म्हणालेच होते, भला माणूस होता." बुटांचे नुसते खिळे मिळाले. मार्गारो रडली नाही. आता ते कुणी लक्षातही घेत नव्हतं.

तर जमाखर्च असा. वेर्गोतीसला दगड मिळाला, इथला नाही तर तिथला. पाद्रीबाबांना एकाच मढ्याच्या दोन दक्षिणा मिळाल्या, मारुलिया मावशीला मरेपर्यंत पुरेल एवढी गोष्ट मिळाली. झानीसच्या दोन खोल्या गेल्या, पण मळा राहिला, आणि कोपऱ्यात त्या वर्षांत टोमॅटो असे लागले की तो ते विकताना ओशाळायचा, तरी विकायचा. स्तामातीसवरचा कलंक गेला. मार्गारोनं आपलं देणं फेडलं. मात्र ते फेडलं अनेझिनाच्या खात्यातून. त्या सकाळी कबरीपाशी सगळ्यांना विचारलं होतं की तुमचं काय राहिलंय, काय सोडता. अनेझिनाला तेवढं कुणी विचारलं नाही. सगळं तिनं भरलं.